तात्पुरता वर्ग, क्रमांक सात

मी एक जुना तात्पुरता वर्ग आहे. मित्रांनो, 'तात्पुरता' हा शब्द स्वतःविषयी मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो कानावर पडला तरी मला काही वाटत नाही. टेक्सासमधल्या डव्ह प्रेरी गावच्या प्राथमिक शाळेमागे मी सत्तावीस वर्षे उभा आहे. माझ्या दारावर पांढऱ्या रंगात 'पी-७' लिहिले आहे. आता उन्हाने तो रंगही उडाला आहे.

माझा जन्म दूरच्या एका गावातल्या शेडमध्ये झाला. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूडची जमीन, बाहेरून पत्र्याच्या भिंती. मला दोन तुकड्यांत बनवले, दोन ट्रकवर लादून इथे आणले आणि मैदानात जोडून टाकले. तो जोड माझ्या जमिनीच्या बरोबर मधोमध आहे. त्यावर ज्याची खुर्ची येते ते मूल वर्षभर डुगडुगत लिहिते.

त्या वेळी गावाभोवती सगळी कापसाची शेते होती आणि शाळेला तीन बस पुरत. मग मोठ्या शहरातली माणसे स्वस्त घरांच्या शोधात इकडे सरकली. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटवर एकसारखी घरे उगवली आणि प्रत्येक घरातून दोन-तीन मुले दप्तर घेऊन बाहेर पडू लागली. विटांच्या शाळेत जागा उरेना. माझ्याशेजारी पी-८ आला, पी-९ आला, करता करता आम्ही मैदानात चौदा जण झालो. मुलांना खेळायला मैदान उरले नाही, याबद्दल आम्हाला फार वाईट वाटते, पण आम्हाला कोणी विचारून आणले नव्हते.

दुसऱ्याच वर्षी माझ्याकडे मिस रोझली कुबेना आल्या. तिसरीच्या बाई. आल्या आल्या त्यांनी घरी शिवलेले पिवळे पडदे लावले, जोडावर जाड सतरंजी टाकली आणि दाराला तेल घातले. त्या वर्षी पालक म्हणायचे, "आतून अगदी खऱ्या वर्गासारखा वाटतो हो!" माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात मोठे कौतुक. मिस कुबेना पुढे पंचवीस वर्षे माझ्यातच शिकवत राहिल्या.

पण मित्रांनो, माझ्यात खोट होती आणि ती पडद्यांनी झाकण्यासारखी नव्हती. फळ्यामागच्या भिंतीत थंड हवेचे यंत्र आहे. ते लावले की त्याची घरघर एवढी की मागच्या बाकावर काही ऐकू जात नाही. बंद केले की दहा मिनिटांत आत भट्टी. मिस कुबेना यंत्र लावायच्या आणि त्याच्यावर आवाज चढवून बोलायच्या. रोज सहा तास, पंचवीस वर्षे. माझ्यात नळ नाही, संडास नाही. मुले गळ्यात परवानगीचा लाकडी बिल्ला अडकवून जोडीजोडीने मुख्य इमारतीत जातात, कडक उन्हातही आणि पावसातही. आणि वादळाचा भोंगा झाला की माझ्यात थांबायचेच नाही, असा नियम आहे. सगळ्यांनी धावत विटांच्या इमारतीत जायचे आणि भिंतीकडे डोके करून बसायचे. मुलांना ज्या घरात संकटकाळी थांबता येत नाही, त्याला वर्ग म्हणावे का, हा प्रश्न मला अनेकदा पडला आहे.

मिस कुबेनांची एकच इच्छा होती. निवृत्त होण्यापूर्वी एक तरी तुकडी विटांच्या वर्गात शिकवायची. त्या शेजारच्या बाईंना म्हणायच्या, "एक वर्ष मिळालं तरी पुरे. भोंगा झाला तर मी मुलांना फक्त बाकाखाली बसा म्हणेन. धावा नाही म्हणणार."

त्यासाठी नवी इमारत हवी होती, आणि इमारतीसाठी गावाचा होकार. इथे शाळामंडळाला एवढा मोठा पैसा आपल्या मनाने उभा करता येत नाही. कर्जरोखे काढू का, असे लोकांना मतपत्रिकेवर विचारावे लागते. ते कर्ज पुढे घरांवरच्या करातून फिटते. आणि या राज्याचा कायदा असा की शाळेच्या अशा प्रत्येक मतपत्रिकेवर ठळक अक्षरांत एक ओळ छापायचीच : 'ही मालमत्ता करातील वाढ आहे.' कोणाच्या घराचा कर खरोखर वाढणार आणि कोणाचा नाही, हे त्या ओळीत येत नाही.

मतदानाच्या महिनाभर आधी शाळेत एक वकील येऊन शिक्षकांना बजावून गेले. शाळेच्या आवारात, शाळेच्या वेळेत, शाळेच्या ईमेलवरून कोणीही प्रस्तावाच्या बाजूने किंवा विरोधात बोलायचे नाही. मिस कुबेना नियमाच्या फार पक्क्या. पालकांनी विचारले तर म्हणायच्या, "मतदान शनिवारी आहे. जरूर जा." एवढेच. त्यांच्या मैत्रिणी घरी, दुकानात, चर्चच्या जेवणात मोकळ्या बोलत होत्या. मिस कुबेनांनी मात्र तोंडाला जे कुलूप लावले, ते रविवारी वडिलांच्या घरी जेवणाच्या टेबलावरही काढले नाही.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी शाळेच्या व्यायामशाळेत मतदान झाले. दारापासून शंभर फुटांवर प्रचारबंदीची पाटी रोवायची असते. ती नेमकी माझ्या दारापुढच्या लाकडी उताराच्या पायथ्याशी आली. म्हणजे माझे अर्धे अंग प्रचारबंदीत आणि अर्धे मोकळे. मी दिवसभर त्या दाराकडे डोळे लावून उभा होतो.

प्रस्ताव नऊ मतांनी पडला.

पुढच्या गुरुवारी मिस कुबेनांचे वडील डबा घेऊन आले. एडविन कुबेना, वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर कापूस पिकवलेला माणूस. दर गुरुवारी जर्दाळू भरलेले 'कोलाचे' नावाचे गोड पाव घरी भाजून घेऊन ते लेकीबरोबर जेवायला येत. मुले बाहेर जेवत होती. बाप-लेक माझ्या उतारावर बसले.

"तोंड का पाडलंयस गं?" एडविन म्हणाले. "कोलाचे जास्त भाजले का माझ्या हातून?"

"नाही पपा. नऊ मतं. नऊच!"

"अगं, मग बरंच झालं की. कर वाढला असता सगळ्यांचा."

मिस कुबेना एकदम वळल्या. "तुम्ही विरोधात दिलंत?"

"मी एकट्यानं नाही. आम्ही डोमिनोच्या सोंगट्या खेळतो ते टेबल सगळं. लिओन माटुस, त्याची बायको, आम्ही बारा जण. मीच सांगितलं त्यांना. कागदावर लिहिलंय ना ढळढळीत, करवाढ म्हणून."

"पपा, तुमचं वय काय?"

"काय म्हणजे? तुला माहीत नाही?"

"पासष्ट झाल्यावर राहत्या घरावरचा शाळेचा कर गोठतो. तुमचा तेरा वर्षांपूर्वीच गोठलाय. प्रस्ताव पास झाला असता तरी तुमच्या खिशातून एक सेंट जास्त गेला नसता. लिओनकाकांच्याही नाही. त्या टेबलावरच्या कोणाच्याच नाही."

एडविननी हातातला कोलाचे खाली ठेवला. 

"मग बोलली का नाहीस?" ते हळूच म्हणाले. "महिनाभर रविवारी माझ्यासमोर बसत होतीस. एक अक्षर काढलं नाहीस. मला वाटलं, शाळेतली पोरगीच गप्प आहे, म्हणजे तिलाही हे पसंत नाही."

"मला परवानगी नव्हती, पपा."

"माझ्या स्वयंपाकघरातसुद्धा?"

मिस कुबेनांनी डब्याचे झाकण लावले. वकिलांनी घराचे नाव काढले नव्हते, हे त्यांना त्या क्षणी आठवले असावे. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली. बारातल्या पाच जणांनी जरी कौल फिरवला असता, तरी निकाल फिरला असता.

पुढच्या एप्रिलमध्ये दुपारी भोंगा झाला. आकाश हिरवट काळे पडले होते. मिस कुबेनांनी सव्वीस मुलांना रांगेत काढले आणि तेवढ्यात गारा सुरू झाल्या. यारेत्सी नावाची मुलगी, अंगाने चिमुकली, माझ्या उताराच्या टोकाला घसरली आणि मनगटावर आपटली. मिस कुबेनांनी तिला उचलले. गारांच्या आवाजात एकेका मुलाचे नाव ओरडत, मोजत, त्यांनी सगळ्यांना इमारतीत पोचवले. वादळ गावाला वळसा घालून गेले. यारेत्सीचे मनगट मोडले होते. आणि मिस कुबेनांचा आवाज त्या दिवशी जो बसला, तो पुरता परत आलाच नाही.

डॉक्टरांनी सांगितले, घशात गाठी झाल्या आहेत, वर्षानुवर्षे ओरडून बोलल्यामुळे. मित्रांनो, ते ओरडणे माझ्या यंत्राशी होते. गारांचे नाव मध्ये घेऊन मला सुटता येणार नाही.

त्याच मे महिन्यात प्रस्ताव पुन्हा मताला आला. या वेळी एडविन सकाळी सातलाच घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन हजर. पाटी पुन्हा माझ्या पायथ्याशी. त्यांनी पावलांनी अंतर मोजले, खुर्ची पाटीच्या पलीकडे एक वीत सरकवली आणि बसले. काठी टेकत कोणी आले की हाक मारायचे.

"ए लिली, पासष्टी झाली का तुझी?"

"बाईला वय विचारतोस? लाज नाही वाटत?"

"मतापुरतं विचारतोय. झाली असेल तर तुझा शाळेचा कर गोठलाय. ती ठळक ओळ वाचून घाबरू नकोस."

"गेल्या वर्षी तूच घाबरवलं होतंस की आम्हाला!"

"गाढव होतो गेल्या वर्षी. कानाचं यंत्र घातलंय आता, खुशाल शिव्या दे."

ऊन चढले, त्यांचा चेहरा लालबुंद झाला, लिओन माटुसनी दोनदा पाणी आणून दिले. ते उठले नाहीत. संध्याकाळी प्रस्ताव सहाशेहून जास्त मतांनी मंजूर झाला. मिस कुबेना माझ्यात येऊन एकट्याच बसल्या आणि फळ्यावर खडूने काहीबाही रेघा ओढत रडल्या. मलाही फार बरे वाटले.

पण इमारत बांधायला सव्वादोन वर्षे लागतात. डॉक्टर म्हणत होते, शिकवणे आत्ताच सोडा. मिस कुबेनांनी पहिले वर्ष गळ्यात ध्वनिवर्धक अडकवून काढले. दुसऱ्या वर्षी तर त्या अर्धे शिकवणे फळ्यावर लिहूनच करत. मुले गुणी, त्या ओठ हलवू लागल्या की थंड हवेचे यंत्र स्वतः बंद करत आणि घामाघूम होत ऐकत. शेवटी मे महिन्यात कुजबुजही निघेना. त्यांनी पिवळे पडदे उतरवले, घडी घातली आणि निवृत्त झाल्या. नव्या इमारतीवर तेव्हा छप्पर चढले होते. ती ऑगस्टमध्ये उघडायची होती. पहिल्याच वेळी प्रस्ताव मंजूर झाला असता, तर शेवटचे वर्ष, पूर्ण एक वर्ष, त्यांनी तिथे शिकवले असते.

काल इमारत गावाला दाखवायला उघडी ठेवली होती. मला न्यायला ट्रक यायचा आहे, म्हणून मला चाकांवर चढवून ठेवले आहे. दुपारी बाप-लेक बाहेर आले आणि माझ्या सावलीत उभे राहिले. आसपास दुसरी सावली नव्हती.

"वर्गातच नळ आहे," एडविन म्हणाले. "आणि संडास. आणि थंड हवेच्या यंत्राचा आवाजच नाही. मी कानाचं यंत्र काढून पाहिलं, पुन्हा घालून पाहिलं. काही नाही." थोडे थांबून ते म्हणाले, "तुझं एक वर्ष मी खाल्लं, रोझी."

मिस कुबेना काहीतरी बोलल्या. मला ऐकू आले, एवढी मला त्यांच्या आवाजाची सवय झाली आहे. एडविनना ऐकू आले नाही.

"काय म्हणालीस?"

त्या पुन्हा बोलल्या, गळ्याच्या शिरा ताणून. तरी नाही. मग त्यांनी वडिलांचा हात धरला आणि त्यांच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढले, तिसरीच्या मुलाला शिकवावे तसे. एडविन मान खाली घालून वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी मूठ मिटली आणि ती तशीच मिटलेली ठेवून ते गाडीपर्यंत चालत गेले.

त्या म्हणाल्या होत्या, "मी बोलायला हवं होतं."

मित्रांनो, मी दमलो आहे. मला कुठे नेतील ते ठाऊक नाही आणि रंगरंगोटीची हौसही उरलेली नाही. तुमच्या शाळेमागे माझ्यासारखा कोणी उभा असेल, तर त्याच्या दाराला तेल घाला, पण त्याला घर समजू नका. आणि तुमच्या घरातले म्हातारे माणूस मत द्यायला निघाले, तर चपला घालण्यापूर्वी दोन मिनिटे त्याच्याजवळ बसा. तुम्हाला काय हवे आहे, ते आवाज आहे तोवर त्याला सांगा.