चढावरचा काळा धूर

मी एक जुना डिझेल टेम्पो आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. धुरासाठी मुरडत असाल तर तो आता येत नाही, आणि रंगासाठी मुरडत असाल तर एके काळी मीही झकास निळा होतो. आता कुठे निळा आहे, कुठे गंजका आहे आणि डाव्या दाराला चक्क हिरवा आहे, कारण ते दार मुळात दुसऱ्याच कुणाचे होते.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. ठोकाठोकी फार होती, एवढेच. तिथून मी थेट एका मोठ्या लाँड्रीत आलो. गावाच्या खालच्या अंगाला लाँड्री आणि वर टेकडीवर इस्पितळ. तिथल्या मळक्या चादरी खाली आणायच्या आणि कडक इस्त्रीच्या चादरी वर पोचवायच्या, हे माझे काम. काम साधे वाटते खरे, पण ऑपरेशनच्या खोलीत स्वच्छ कापड पोचले नाही तर मोठमोठे डॉक्टरही हात धुऊन नुसते बसून राहतात. एकदा दरड कोसळून रस्ता अर्धाच उरला होता. त्या उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून मी गठ्ठे वर नेले, तेव्हा मुख्य परिचारिकेने सगळ्यांदेखत माझ्या बॉनेटवर शाबासकीची थाप मारली. पुढे बरेच दिवस मी जरा ताठ्यातच होतो, हे कबूल करतो.

मला चालवणाऱ्यांना सगळी लाँड्री मामा म्हणते आणि इस्त्री विभागात काम करणाऱ्या त्यांच्या बायकोला मामी. मामांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला नट सोडवायचा. मामी मात्र माझ्याशीसुद्धा बोलायच्या. लाँड्रीच्या आवारात कपड्यांचे बारीक तंतू सतत उडत असतात. "एवढा कचरा बिचाऱ्याच्या छातीत जातोय," असे म्हणून मामींनी एके दिवशी उशीचा जुना अभ्रा आणला आणि माझ्या हवा ओढायच्या नळीच्या तोंडावर नाडीने घट्ट बांधला. दर आठवड्याला त्या तो सोडायच्या, धुवायच्या आणि इस्त्री करून पुन्हा बांधायच्या. इस्त्री कशाला, ते त्यांनाच ठाऊक! पण इस्त्रीचा अभ्रा लावून फिरणारा टेम्पो दुसरा कुठे असेल, असे मला वाटत नाही.

मग मामींचे गुडघे धरले आणि त्यांचे कामावर येणे बंद झाले. त्यांना वाटले, अभ्रा आता हे धुवत असतील. मामांना तो सुटतो, हेच माहीत नव्हते. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी माझी गत झाली. अभ्र्यावर तंतूंचे थर चढत गेले आणि माझा श्वास कोंडत गेला.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. धूर हीच माझी बोली. ती अवघडही नाही. थंडीत सुरू होताना थोडा पांढरा धूर आला तर घाबरायचे कारण नाही. इंजिन तापल्यावरही तो येतच राहिला तर आत काहीतरी बिघडले आहे, कदाचित पाणी भलतीकडे शिरते आहे. निळा धूर म्हणजे इंजिनातले ऑइल जळते आहे, आतल्या रिंगा झिजल्या असतील. आणि काळा धूर म्हणजे डिझेल पोटभर मिळते आहे, पण ते जाळायला हवा पुरत नाही. घास आहे, श्वास नाही.

मी जीव तोडून काळा धूर सोडत होतो. जो चढ मी तिसऱ्या गिअरवर गुणगुणत चढायचो, तो दुसऱ्यावर रेटू लागलो, मग पहिल्यावर. मामांनी मला गॅरेजात नेले. तिथल्या मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणतात. माणूस हुशार आहे, पण त्या दिवशी त्याच्यापुढे गाड्यांची रांग होती. त्याने लांबूनच माझे हिरवे दार पाहिले, गंज पाहिला.

"वय झालं मामा त्याचं. रिंगा गेल्या असणार. आता इंजिन खोलण्यात अर्थ नाही."

झाले! "वय झाले" हा शेरा मोठा विचित्र असतो. एकदा तो बसला की पुढे कोणी झाकण उघडून बघत नाही.

लाँड्रीच्या मालकीणबाई मनाने चांगल्या आहेत. त्यांनी मामांना बोलावून खुर्ची दिली. "मामा, नवीन गाडी येतेय. तिच्याबरोबर चालकही येतोय. तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. आता आराम करा." मामा फक्त "बरं" म्हणाले. बाहेर आले, माझ्या सीटवर बसले आणि हळूच म्हणाले, "चल बाबा. दोघंही भंगारात." मला फार वाईट वाटले. माझे काय, लोखंड वितळवून माझे दुसरे काही करतील. मामांचे काय करणार होते?

त्याच आठवड्यात मामींना गुडघा दाखवायला इस्पितळात जायचे होते. त्या माझ्यातच बसल्या. पहिल्या वळणालाच त्यांनी कान टवकारले.

"अहो, हा असा धापा का टाकतोय?"

"वय झालं."

"कोणाचं?"

"दोघांचं."

"आणि माझं काय कमी होत चाललंय का?"

मामा हसले नाहीत. पुढच्या वळणावर माझ्या धुराने रस्ता काळाकुट्ट केला आणि मी थांबलो. मामांनी खाली उतरून बॉनेट उघडले आणि ते नुसते बघत उभे राहिले. मामी काठी टेकत, कण्हत खाली उतरू लागल्या.

"तू कशाला उतरतेस? गुडघा सांभाळ."

"गुडघ्याला नसले तरी मला डोळे आहेत. सरका." मामी वाकल्या आणि तशाच थबकल्या. "अहो, हा अभ्रा शेवटचा कधी धुतलात?"

"कुठला अभ्रा?"

"म्हणजे काढलाच नाही? मी घरी बसल्यापासून?"

"तो काढायचा असतो? मला वाटलं, गाडीचाच आहे."

"गाडीबरोबर अभ्रा देतात का हो कुठे? त्यावर फुलं भरलीत मी!"

गाठ हाताने सुटेना, तेव्हा मामींनी केसातली पिन काढून ती सोडवली. अभ्रा गोधडीसारखा जाड झाला होता आणि फुले तर दिसतही नव्हती. मामींच्या डोळ्यांत पाणी आले. "मीच गळा आवळला हो याचा."

"तू नाही, मी," मामा म्हणाले. "तू सोडत तरी होतीस. मी रोज चालवला आणि एकदा हात घालून बघितलं नाही."

त्यांनी किल्ली फिरवली. काळ्या धुराचा एक शेवटचा लोट गेला आणि मी श्वास घेतला! काय सांगू तो श्वास. उरलेला चढ मी तिसऱ्या गिअरवर चढलो. वस्तादने नंतर मला नीट तपासले. एअर फिल्टर स्वच्छ केला, रिंगा शाबूत असल्याचे सांगितले आणि मामांसमोर कान पकडले.

तरी मामा मालकीणबाईंकडे जायला तयार नव्हते. मामींनी त्यांना ढकलून आत पाठवले. बाईंनी सगळे ऐकले आणि दुसऱ्या दिवशी मागे काठोकाठ गठ्ठे भरलेले असताना त्या स्वतः माझ्या केबिनमध्ये येऊन बसल्या. वर पोचेपर्यंत त्या आरशातून मागे बघत होत्या. धूर नव्हता.

"नवीन गाडी गावातल्या कामाला राहील," त्या उतरताना म्हणाल्या. "हा चढ तुमचाच, मामा. मी आधी येऊन बघायला हवं होतं."

बाई आत गेल्या. मामांनी इंजिन बंद केले, स्टिअरिंगवर डोके टेकले आणि ते ओक्साबोक्शी रडले.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी हळू चालू लागले असेल, जिन्यात थांबत असेल, उगाच चिडत असेल. "वय झाले" म्हणून पुढे जाऊ नका. वय तर झालेलेच असते, ते कुठे पळून जाते? पण जवळ जा आणि विचारा, श्वास कुठे अडतो आहे? माझ्यासाठी मामींना दुखऱ्या गुडघ्यांनी चढावर उतरावे लागले. तुम्हाला तर फक्त शेजारच्या खोलीत जायचे आहे.