ओलं झालेलं लाकडी अंडं

मित्रांनो, मी अंडं आहे खरा, पण मला फोडून कुणाला खाता येत नाही आणि माझ्यातून पिल्लूही कधी निघणार नाही. मी मेपलच्या लाकडाचा आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, बटाट्याच्या शेतांच्या मुलखात, ओविड नावाच्या एका सुताराने मला लेथवर कातून काढलं, घासून गुळगुळीत केलं आणि खुराड्यात नेऊन ठेवलं. त्याच्या कोंबड्या सरपणाखाली, गाडीखाली, वाटेल तिथे अंडी घालायच्या. कोंबडीचा स्वभाव असा, की जिथे एक अंडं दिसेल तिथे तिला आपलंही घालावंसं वाटतं. म्हणून गवतात पडून राहायचं आणि ‘ही जागा चांगली आहे बरं का’ असं न बोलता सांगायचं, हे माझं काम.

ते काम मी मन लावून केलं. कितीतरी कोंबड्या माझ्यावर बसल्या. त्यांच्या पोटाखालची ती ऊब आठवली, की अजूनही मला भरून येतं. ओविडची मुलगी आल्बर्टीन तेव्हा फ्रॉक घालून अंडी गोळा करायला यायची. एकदा तिच्या आईने घाईत मला उकळत्या पाण्यात टाकलं आणि ‘हे मेलं अजून शिजत कसं नाही?’ म्हणून तासभर वाट पाहिली. ती गोष्ट घरात पुढे वर्षानुवर्षं चवीने सांगितली जायची, आणि माझी कॉलर उगाच ताठ व्हायची. अर्थात मला कॉलर नाही.

पुढे ओविड गेला. दुकानात पुठ्ठ्याच्या ट्रेमधली अंडी मिळू लागली आणि खुराडं रिकामं झालं. मी आल्बर्टीनच्या शिवणाच्या टोपलीत जाऊन पडलो. ती मला मोज्यात घालून टाचेची भोकं रफू करायची. मग लोकांनी मोजे रफू करणंही सोडलं. टोपलीच्या तळाशी, तुटक्या बटणांच्या संगतीत, मी किती वर्षं काढली ते मला सांगता येणार नाही. आपली कुणाला गरज नाही, हे फार वाईट वाटतं हो.

माझे दिवस पालटले ते आल्बर्टीन चौऱ्याऐंशी वर्षांची झाली तेव्हा. तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिची मुलगी मार्सेल शहरातली नोकरी सोडून तिच्याजवळ राहायला आली. आईचं मन रमावं म्हणून तिने जुनं खुराडं दुरुस्त केलं. आल्बर्टीनचा धाकटा भाऊ रेआल याने ओळखीच्या माणसाकडून सहा तांबड्या कोंबड्या आणून दिल्या. त्यांतली सगळ्यांत थोराड, रुबाबात चालणारी कोंबडी आल्बर्टीनने खिडकीतूनच हेरली आणि तिचं नाव ठेवलं मादाम. मी पुन्हा गवतात आलो. त्या उन्हाळ्यात मादाम रोज माझ्यावर बसायची. म्हातारीला रोज सकाळी तिचं अंडं पाहिल्याशिवाय चहा गोड लागत नसे.

मग थंडी आली. आमच्याकडे शरद संपता संपता प्रत्येक घराच्या पायाभोवती देवदाराच्या फांद्या आणि पेंढा रचून घर ‘बांधून’ घेतात, म्हणजे वारा खालून शिरत नाही. ज्याचं घर असं बांधलेलं नाही त्याला गावात आळशी म्हणतात. मार्सेल आळशी नव्हती. तिने घर बांधलं आणि त्याच मायेने खुराडंही बांधलं. फटीफटीत चिंध्या कोंबल्या, छपराखालची झडप बटाट्याच्या गोणपाटांनी बुजवली, आणि कोंबड्यांना तहान लागेल म्हणून कोमट पाण्याची परात रात्रंदिवस आत ठेवली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. सहा कोंबड्यांचे श्वास, त्यांची विष्ठा आणि त्या परातीची वाफ यांना बाहेर जायला वाटच उरली नव्हती. छपरातून थेंब पडत. खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ धरलं. वास असा, की दार उघडलं की मार्सेलच्या डोळ्यांना पाणी यायचं. माझं लाकूड फुगलं आणि एके दिवशी अंगावर लांबलचक चीर पडली. पण त्याचं मला काही नाही. मादामच्या तुऱ्याची टोकं काळी पडली आणि ती घरघरत श्वास घेऊ लागली, ते मला बघवेना. अंडी तर केव्हाच बंद झाली होती.

‘थंडीच बाधतेय त्यांना,’ म्हणत मार्सेलने आणखी चिंध्या कोंबल्या.

जानेवारीच्या अखेरीस रेआल आला. खुराड्यात डोकावून नाक दाबून बाहेर पडला.

“मार्सेल, ही मादाम काही आता अंडी द्यायची नाही. रविवारी रस्सा करू. सोबत तुझ्या आईच्या हातचे कुट्टूच्या पिठाचे घावन. कुऱ्हाड मी आणतो, तू फक्त कांदे चीर.”

“मामा, आईला काय सांगू?”

“सांग, कोंबडी माहेरी गेली.”

मार्सेल हसली नाही. रिकाम्या हाताने आत जायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिने गवतात हात घातला, मी हाताला लागलो, आणि अंधारात अंडं समजून तिने मला खिशात टाकलं. स्वयंपाकघरात आईच्या हातावर ठेवलं तेव्हा कुठे तिला चूक कळली.

म्हातारीने मात्र मला ओळखलं. अंगठ्याने माझी चीर चाचपली, मला गालाला लावलं, नाकाशी नेलं.

“हा ओला कसा गं?”

“आई, बाहेर उणे तीस आहे. दव असेल.”

“बाबांच्या वेळी उणे चाळीसलाही हा खडखडीत कोरडा असायचा. तू खुराडं बांधलंस?”

“मग! एक फट ठेवली नाही.”

“वरची झडप?”

“ती तर गोणपाटांनी बुजवली.”

“अगं बाई, पिसांची रजई पांघरून जन्माला येतात त्या! त्यांना थंडी मारत नाही, ओल मारते. खालचा वारा अडव, पण डोक्यावरची झडप उघडी हवी. पाणी दोन वेळा दे, प्यायल्या की उचल. जा, आत्ता जा.”

“आणि अंडी?” मागोमाग आत आलेला रेआल म्हणाला. “बंदच आहेत की! म्हणून तर रविवारी मादामचा रस्सा करायचाय.”

“दिवस लहान झाला की कोंबडी विसावा घेते. तू रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तू किती अंडी घातलीस? तुझा रस्सा केलाय का आम्ही?”

रेआलचं तोंड बघण्यासारखं झालं. तरी तो हट्टी. “दोन फेब्रुवारीच्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत थांबतो. त्या दिवशी अंडं नसेल, तर मादाम पातेल्यात.”

सणाला अवघे पाच दिवस होते. मार्सेलने त्याच दुपारी गोणपाटं उपसली, ओला पेंढा बाहेर फेकला, कोरडा भुसा पसरला. आईने मला चुलीशेजारी वाळवून परत पाठवलं. झडपेतून थंड, स्वच्छ हवा डोक्यावरून वाहू लागली आणि छपर गळायचं थांबलं. दोन दिवसांत मादामची घरघर ओसरली. अंडं मात्र दिसेना. मी लाकडाचा, मला एक खरं अंडं घालता आलं असतं तर काय हवं होतं!

सणाच्या सकाळी मादाम लवकर खाली उतरली, गवत इकडचं तिकडे केलं आणि माझ्यावर बसली. बाहेर रेआलच्या बुटांखाली बर्फ करकरत होतं. मार्सेलने तिच्या पोटाखाली हात घातला. आधी मी लागलो.

“कोरडा आहे,” ती पुटपुटली.

मग तिचा हात थांबला. माझ्याशेजारी दुसरं काहीतरी होतं, आणि ते ऊन ऊन होतं.

या सणाला आमच्याकडे घरोघरी धिरडी करतात; त्या दिवशी ती तव्यावर उलटायचं काम रेआलला मिळालं. पहिलंच त्याने जमिनीवर पाडलं.

मित्रांनो, ज्यांच्यावर तुमचा जीव आहे त्यांना जरूर जपा, पण त्यांच्या डोक्यावर एक झडप उघडी ठेवा. आणि त्यांना काय हवं ते स्वतःच्या मनाने ठरवू नका. हात लावून बघा. मार्सेल आता रोज संध्याकाळी मला उचलून गालाला लावते. मी कोरडा असलो, की ती मला परत मादामच्या पोटाखाली सरकवते आणि दार लावून घेते.