धुरकटलेली काच

कवळ्या बनवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाने चुकीचा गोंद वापरावा, हे त्याच्या मनाला फार लागलं. लढाऊ विमानाची ती वीतभर प्रतिकृती त्याने आत्यासाठी करायला घेतली होती. तिचे यजमान तसलंच विमान घेऊन युद्धावर गेले, ते परत आलेच नाहीत. पंखांवरचा हिरवा-तपकिरी रंग, इंजिनाच्या धुराड्यांमागची काजळी, वैमानिकाच्या गळ्यातला मफलर, सगळं कसं झकास जमलं होतं. वैमानिकावरचं पारदर्शक झाकण बसवताना मात्र हात सवयीने कवळ्यांच्या झटपट गोंदाकडे गेला. त्याची वाफ आत कोंडली आणि सकाळी बघतो तर काच आतून पांढुरकी. वैमानिक दिसेनासा झालेला.

“सगळी मेहनत पाण्यात,” तो करवादला आणि झाकण उचकटायला त्याने पातं उचललं.

शेजारी बसलेल्या आत्याने त्याचा हात धरला. विमान डोळ्यांजवळ नेऊन ती बराच वेळ बघत राहिली.

“त्या सकाळी थंडी होती रे. मी धावपट्टीच्या कुंपणापाशी उभी होते. ह्यांनी झाकण ओढून घेतलं आणि श्वासाने काच अशीच भरून आली. चेहरा काही दिसला नाही.”

“म्हणूनच म्हणतो, नवीन झाकण बसवतो. आता तरी दिसू देत.”

“नको. चेहरा फोटोत आहे माझ्याकडे,” आत्या म्हणाली. “पण फोटोतल्या माणसाच्या श्वासाने काच धुरकटत नाही.”