एकटीचं जेवण

उमेराच्या कॉलेजच्या फिल्ममध्ये प्रसंग एकच होता: भुशी गावाच्या वरच्या वाडीतली म्हातारी एकटीच जेवते. तिथलीच हिरीमावशी हौसेनं तयार झाली खरी, पण भाकरीचा तुकडा मोडला की तिचा हात थांबायचा आणि ती थेट कॅमेऱ्याकडे बघायची. सहा टेक वाया गेले. उमेरा वैतागली.

"मावशी, आम्ही इथं नाहीच असं समजा ना!"

"कसं समजू, बाई? सकाळधरनं तुमी चौघं उपाशीपोटी हुबी. माज्या घशाखाली घास उतरंल व्हय?"

कॅमेरा चालूच ठेवून उमेरा मावशीसमोर मांडी घालून बसली. टीममधली बाकीची तिघंही आली. मावशीनं भाकरीचे पाच वाटे केले.

फिल्मला उमेरानं नाव दिलं होतं 'एकटी'. एडिटिंगला बसल्यावर तिनं फक्त ते नाव काढून टाकलं.