परत आलेल्या खोक्यांतली हवा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. काटा म्हणतात खरे, पण माझ्या अंगावर फिरणारा काटा कधीच नव्हता. वर स्टीलची थाळी, पुढे लाल आकड्यांची छोटी खिडकी आणि खाली चार पाय, एवढाच माझा संसार. त्यातला एक पाय आखूड आहे, म्हणून त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी असते. ती सरकली की माझे डोके फिरते. एरवी माझा स्वभाव सरळ आहे. असेल ते दाखवायचे, नसेल ते दाखवायचे नाही. या स्वभावाचा मला फार अभिमान होता.

कारखान्यातून बाहेर पडल्यावर पहिली काही वर्षे मी एका किराणा दुकानात काढली. तिथला दुकानदार माझ्या थाळीला गुपचूप करंगळी लावायचा. वजनात मारायचा तो, आणि गिऱ्हाइके डोळे वटारायची माझ्यावर! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसे. पुढे त्याने नवा काटा आणला आणि मला भंगारात काढले. तिथून मला बाबांनी उचलले.

बाबा म्हणजे भिंगरीचे बाबा. भिंगरी ही त्यांची लहान मुलगी. एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यामुळे तिला सगळे तसेच हाक मारत. घरात आणखी दोघी होत्या, भिंगरीची आई आणि बाबांची बहीण, म्हणजे आत्या. मीही सगळ्यांना भिंगरीच्याच नात्याने ओळखतो, कारण माझ्या थाळीवर सगळ्यात जास्त वेळा चढून बसली ती तीच.

आई काचेचे छोटे दिवे रंगवायची. लहान मुलांच्या खोलीत झोपताना लावतात ना, तसे. एखाद्यावर मासे, एखाद्यावर ढग, एखाद्यावर नुसतीच होडी. बाबा त्या दिव्यांचे फोटो काढून मोबाइलवर विकायला ठेवत. ऑर्डर आली की ते दिवा खोक्यात भरत आणि आत्या वर पत्ता चिकटवायची. हे सगळे मागच्या पत्र्याच्या खोलीत चाले. खोलीच्या मधोमध टेबल आणि टेबलावर मी.

काच फुटू नये म्हणून खोक्यात दिव्याभोवती काहीतरी भरावे लागते. विकतचा फोम बाबांना महाग वाटे. त्यांनी आपली एक युक्ती काढली होती. प्लास्टिकच्या लहान पिशव्या घ्यायच्या, तोंडाने फुगवायच्या, गाठ मारायची आणि दिव्याच्या चारी बाजूंनी दाटीवाटीने बसवायच्या. सकाळपासून त्यांचे गाल फुगलेलेच असत. आत्या हसून लोटपोट व्हायची.

"दादा, लोकांची तोंडची वाफ बोलण्यात जाते, तुझी पार्सलात."

"जाऊ दे की. परत आली तर आपलीच आहे," बाबा म्हणायचे.

आणि पार्सले परत यायचीच. कोणाच्या घराला कुलूप असे. कोणी फोन उचलत नसे. कोणी हौसेने मागवी आणि दारावर माणूस आला की आतूनच ओरडे, नको आता. मग कुरियरवाला त्या खोक्यावर 'घेणारे मिळाले नाहीत' अशी चिठ्ठी डकवून ते आमच्या उंबऱ्यात आणून ठेवी.

अशा खोक्यांसाठी बाबांनी एक रीत पाडली होती. जाताना खोके माझ्यावर ठेवून वजन घ्यायचे आणि ते मार्करने खोक्यावर लिहून भोवती गोल काढायचा. परत आले की पुन्हा माझ्यावर ठेवायचे. आकडा जुळला आणि हलवल्यावर आतून खळखळ आली नाही, तर खोके उघडायचेच नाही. कोपऱ्यात आतल्या दिव्याचे नाव असेच, त्यामुळे जुन्या पत्त्यावर नवा पत्ता चिकटवून ते तोच दिवा मागवणाऱ्या पुढच्या माणसाला धाडायचे. टेप वाचते आणि वेळही वाचतो. खळखळ आली तर मात्र उघडावे लागे, आणि मग आतल्या पिशव्यांवर भिंगरीचा हक्क. ती एकेक पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यावर दोन्ही पायांनी उडी मारी. फट्ट! बाबा दर वेळी दचकल्याचे सोंग करत, आणि दर वेळी तिला ते खरे वाटे.

एका दुपारी बाबांनी कुरियरच्या गाडीत खोकी चढवली, आत येऊन माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसले, आणि उठलेच नाहीत. हातात फुगवायला घेतलेली पिशवी होती. ती खाली पडली आणि पंख्याच्या वाऱ्याने टेबलाखाली गेली.

माणूस गेला म्हणून रस्त्यावरची पार्सले थांबत नाहीत. बाबांनी भरलेली कितीतरी खोकी तेव्हा गावोगाव दारे ठोठावत फिरत होती. ती एकेक करून घरी येऊ लागली. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असे. तिने ब्रश धुवून ठेवले होते. घर चालवायचे तर कोणीतरी उभे राहायला हवे, म्हणून आत्या उभी राहिली. ती खोके उचलून माझ्यावर ठेवी. वर बाबांच्या हातचा आकडा, भोवती बाबांच्या हातचा गोल. मला वाटे, आता काहीतरी कमी भरेल. पण वजन अगदी तेवढेच भरे. आत्या मनगटाने डोळे पुसायची, नवा पत्ता चिकटवायची आणि खोके पुन्हा रस्त्याला लावायची.

असे बरेच दिवस चालले. मग एक खोके कोपऱ्यात चेपून आले. हलवल्यावर खळखळले. आत्याने ते उघडले. आतला दिवा फुटला होता, पण पिशव्या जशाच्या तशा होत्या, टम्म फुगलेल्या.

"बाबांच्या पिशव्या!" भिंगरी ओरडली आणि तिने सवयीने एक जमिनीवर ठेवली.

"हात लावू नकोस!"

आई दारात उभी होती. कितीतरी दिवसांनी ती या खोलीत आली होती. तिने पिशवी उचलली, दोन्ही तळव्यांत धरली आणि तिथेच खाली बसली.

"वन्सं, अशी किती पाठवलीत?"

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मी मोजली नाहीत गं. वजन जुळलं, पाठवली. दादाचीच तर रीत."

"त्यांचा श्वास होता त्यात."

मित्रांनो, आत्याने काहीच चुकीचे केले नव्हते, आणि मीही नाही. तरी त्या दोघींकडे मला पाहवेना. त्यातच आत्याचा मोबाइल वाजला. गिऱ्हाइकांचे शेरे मोठ्याने वाचायची तिला सवय होती. ती वाचून गेली आणि मग थांबली. कोणीतरी लिहिले होते, 'दिवा सुंदर. पिशव्या फोडताना मुलांना फार मजा आली.'

त्या दिवसापासून खोलीतून एकही पार्सल बाहेर गेले नाही. परत येणारे प्रत्येक खोके आई भिंतीशी रचून ठेवू लागली, न उघडता. लोकांचे फोन येत, आमचा दिवा कुठे आहे? दिवे सगळे त्या खोक्यांतच होते. आई नवे रंगवत नव्हती. आत्या शेजारच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली.

मी मात्र त्या खोक्यांसोबत एकटा राहिलो. दुपारी पत्रा तापला की आतल्या पिशव्या फुगायच्या आणि पुठ्ठ्याच्या भिंती कुरकुरायच्या. एक कुरकुरले की दुसरे, मग तिसरे. ऊन उतरले की सगळी हळूहळू मऊ पडायची. दुपारभर ती खोकी श्वास घेत आणि संध्याकाळी सोडत. मी लोखंडाचा, मला भीती ठाऊक नव्हती. तिथे ती कळली. आई रोज त्या वेळी खोक्यांच्या भिंतीला कान लावून बसायची. कधी कधी ती पुटपुटायची, "हं, ऐकतेय मी." एकदा कुरियरवाला खोके घेऊन आत आला आणि आवाज ऐकून जागच्या जागी थबकला.

"आत कुणी आहे का हो?"

"आहेत," आई म्हणाली.

तो पुन्हा कधी उंबरा ओलांडून आला नाही. खोके बाहेरच ठेवून निघून जायचा.

फुटक्या दिव्याच्या पिशव्या आईने कपाटात ठेवल्या होत्या. एका सकाळी तिने कपाट उघडले तर त्या चिंबल्या होत्या. एकीत तर जेमतेम चिमूटभर हवा उरली होती. आईने भिंगरीचा दंड धरला.

"तू दाबल्यास? खरं सांग!"

"मी नाही. मी हातसुद्धा नाही लावला."

"मग कमी कशा झाल्या?" असे म्हणून आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. या घरात मी पहिल्यांदाच तो आवाज ऐकला. भिंगरी रडली नाही. त्यानंतर ती गिरक्या घेईनाशी झाली. जेवायला हाक मारली की यायची, खायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची, हुबेहूब आईसारखी. मित्रांनो, खोक्यांतला माणूस तर गेलेलाच होता. माझ्या डोळ्यांसमोर आता ही पोरही चालली होती, आणि तिच्या आईला ते दिसत नव्हते.

एके दिवशी आई ती चिंबलेली पिशवी घेऊन माझ्याकडे आली. पुठ्ठ्याची घडी तिने नीट बसवली, थाळी पुसली आणि पिशवी अलगद माझ्यावर ठेवली. ती माझ्या आकड्यांकडे टक लावून पाहत होती. मी माझा सगळा जीव एकवटला. पण माझ्या खिडकीत शून्यच राहिले.

"बघ," आई स्वतःशीच म्हणाली, "काहीच नाही."

दारामागून भिंगरीचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलत होती. "काटा बिघडलाय, आई."

माझ्या खरेपणाचा अभिमान त्या क्षणी गळून पडला. मी खोटे काहीच दाखवले नव्हते. पण त्या दोघींसाठी मी एकदा तरी खोटे बोलायला हवे होते, असे मला अजून वाटते.

आत्या त्या दिवशी कामावरून दुपारीच आली होती. ती आईजवळ येऊन बसली. "वहिनी, गाठीतून हवा सुटतेच गं. पोरीने नाही दाबल्या. तू ठेवलेल्या प्रत्येक खोक्यातून तो रोज थोडा थोडा चाललाय. ठेवून काय राहणार आहे?"

आईने थाळीवरची पिशवी उचलून बाजूला ठेवली. मग तिने कटर उचलला.

पहिले खोके उघडले. पिशव्या सुकलेल्या. दुसरे उघडले, तेच. आई भराभर टेप कापत होती, दिवे बाजूला ठेवत होती आणि पिशव्या चाचपत होती. माशांचा दिवा, ढगांचा दिवा, आणि भोवती नुसते रिकामे प्लास्टिक. जी कुरकुर ऐकत ती रोज बसत होती, ती आता बहुतेक पुठ्ठ्याचीच उरली होती. शेवटी दारात पडलेले कालचे खोके राहिले. त्यातल्याही पिशव्या मऊ होत्या, फक्त तळाची एक घट्ट होती. तिची गाठ बाबांनी दोनदा मारलेली होती.

आईने ती हातात घेतली आणि म्हणाली, "भिंगरे, इकडे ये."

भिंगरी आली, पण हातभर लांब उभी राहिली.

"फोडायची नाही हिला. तोंड आण जवळ." आईने दातांनी गाठ सोडवली आणि पिशवीचे तोंड चिमटीत धरून भिंगरीच्या ओठांशी नेले. "घे. सगळं घे."

भिंगरीने घेतले. पिशवी हळूहळू चपटी झाली. भिंगरीने ओठ मिटले, गाल फुगवले आणि दोन बोटांनी नाक घट्ट दाबून धरले. ती आईकडे पाहत उभी राहिली. आईच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागले होते, ते तिथेच विरले. पोरीचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आले, मानेची शीर फुगली, तरी ती श्वास सोडेना.

"सोड आता," आई म्हणाली.

भिंगरीने मान हलवली. नाही.

"सोड गं बाळा. सोड!" आईने तिचे हात ओढून काढले आणि तिला छातीशी कवटाळले. "नाही राहत गं तो. मला तू पाहिजेस. सोड, सोड, सोड."

भिंगरीने आईच्या मानेवर श्वास सोडला आणि मग दोघीही मोठमोठ्याने रडल्या. आत्या दारात उभी राहून रडत होती. बाहेर चांगलेच ऊन होते, पण खोलीत कुठेही काही कुरकुरत नव्हते.

आता आई पुन्हा दिवे रंगवते. पिशव्या तिघीही फुगवतात, आणि भिंगरीच्या पिशव्यांत हवेपेक्षा थुंकीच जास्त असते. पार्सले अजून परत येतात. आत्या ती माझ्यावर ठेवते, मी आकडा दाखवतो आणि खोके पुढे जाते.

मित्रांनो, मी जुना झालो आहे. उद्या मला पुन्हा भंगारात काढतील, त्याचे मला काही वाटत नाही. तुमच्या दारावर कोणी पार्सल घेऊन आले तर दार उघडा. नको असेल तर नको म्हणा, पण समोर येऊन म्हणा, कारण त्या खोक्यात कोणीतरी फुंकर घातलेली असते. आणि तुमच्या घरात तुम्हाला फुगा फुगवून देणारे कोणी असेल, तर तो फुगा कपाटात जपून ठेवू नका. ते माणूस समोर बसलेले असतानाच तो फोडा आणि त्याला म्हणा, अजून एक.