सिंधुला चालवणारी तेलाची बाटली

मित्रांनो, मी माशाच्या तेलाची एक जुनी, तपकिरी बाटली आहे. माझं बूच उघडलं की माणसं नाक धरत. तरीही मी मान ताठ ठेवूनच सांगते, एका मुलीच्या हाडांत मी बळ भरलं आहे.

निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षं. बोटीने मुंबई आणि पुढे आधी मोठ्या, मग छोट्या रेल्वेने लातूर, असा प्रवास करून मी डॉक्टर रेणुकादास यांच्या दवाखान्यात आले. तिथे एक दिवस शिरूर अनंतपाळहून गुरुपादप्पा आणि त्यांची बायको शिवम्मा आले. त्यांची लहानगी सिंधु उभी राहिली की तिचे पाय धनुष्यासारखे वाकत. लोक हसतील म्हणून तिला दिवसभर आतल्या खोलीतच ठेवत.

"हिला मुडदूस झालाय," डॉक्टर म्हणाले. "दूध पिऊनही त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडांपर्यंत पोचत नाही. त्यासाठी ड जीवनसत्त्व लागतं. ते या माशाच्या तेलात आहे."

गुरुपादप्पा उठूनच उभे राहिले. "डॉक्टरसाब, आमी लिंगायत. आमच्या घरात हे चालत न्हाई."

शिवम्माने हात पुढे करून मला उचललं. "घरात चालत न्हाई, तर अंगणात ठिवू," ती म्हणाली. "पोरगी मातर चालली पायजे."

अंगणाच्या भिंतीतल्या देवळीत माझा मुक्काम पडला. सकाळचं जेवण झालं की शिवम्मा सिंधुला बाहेर आणी, चमचाभर तेल पाजी आणि उन्हात बसवी. जेवणातल्या तुपाच्या संगतीने माझं जीवनसत्त्व आतड्यांतून रक्तात उतरे. यकृतात त्याचं रूप पालटे, मूत्रपिंडात पुन्हा पालटे, आणि मग कुठे ते कामाला लागे. आतड्यांना दुधातला चुना शोषायला लावी, हाडं भक्कम करी. मला वाटे, सारं मीच करते. पण उन्हामुळे सिंधुच्या कातडीतही तेच जीवनसत्त्व तयार होत होतं. तेवढं श्रेय मी सूर्याला देते.

हळूहळू सिंधु भिंत धरून उभी राहू लागली. गुरुपादप्पांना एवढा हुरूप आला की लेकीने लवकर पळावं म्हणून तेही तिला गुपचूप चमचे पाजू लागले. मग तिची भूक गेली, ओकाऱ्या सुरू झाल्या, तहान थांबेना. बैलगाडी पुन्हा लातूरला धावली.

"तेलातलं जास्तीचं जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही," डॉक्टर म्हणाले. "ते अंगात साचतं आणि बाधतं. आता मी सांगेपर्यंत तेल बंद."

"म्या पाजलं," गुरुपादप्पा खालमानेने म्हणाले. "लई घाई झाली मला."

सिंधु सावरली. पुढे तिला मापानेच तेल मिळालं. एके सकाळी ती भिंत सोडून निघाली आणि अंगण ओलांडून थेट बापाच्या मांडीवर जाऊन बसली. पाय अजून थोडे वाकडे होते, पण तिचा भार पेलत होते. गुरुपादप्पांनी तिला छातीशी धरलं.

"उद्या बाजाराला संगं न्या तिला," शिवम्मा म्हणाली. "चालत न्या. लोकांना बघू द्या."

मित्रांनो, आता मी रिकामी आहे, पण माझा अभिमान कमी झालेला नाही. तुम्ही उन्हात खेळा. औषध लागलंच, तर डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या. आणि कुणाचे पाय वाकडे दिसले, तर हसू नका. त्याचा हात धरा आणि त्याला बाहेर खेळायला घेऊन या.