पत्र्याचा नकाशा आणि जाळीवाल्या मावशी

मी नकाशा बोलतोय. घडी घालून खिशात ठेवतात तो कागदी नव्हे. चांगला पुरुषभर उंचीचा, पत्र्याचा, दोन लोखंडी पायांवर उभा असलेला. समुद्राकाठच्या या छोट्याशा गावात पाहुणे बसमधून उतरले की सगळ्यात आधी मी दिसतो. निदान माझा तरी तसा समज आहे.

माझा जन्म पेंटरच्या अंगणात झाला. त्याचा नेहमीचा धंदा होड्यांवर नावं घालण्याचा. पण मला रंगवायचं ठरलं तेव्हा तो तीन दिवस पावलं मोजत गावभर फिरला. दीपगृह, शंखशिंपल्यांचं संग्रहालय, भरतीच्या वेळी पाण्याचा फवारा उडवणारा खडक, सगळं त्याने जागच्या जागी बसवलं. समुद्राचा निळा रंग मात्र तीनदा बदलला. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "अहो, समुद्र रोज वेगळा दिसतो. एक रंग धरा आणि मोकळे व्हा!" मग त्याने धक्क्यापाशी एक लाल ठिपका काढून त्याखाली 'तुम्ही इथे आहात' असं लिहिलं. तेव्हा पाहुणे लाँचने येत आणि मी धक्क्यावरच उभा राहणार होतो.

पुढे पक्का रस्ता झाला, लाँच बंद पडली, आणि पालिकेच्या माणसांनी मला उपटून गावाच्या दुसऱ्या टोकाला, बसथांब्यावर आणून रोवलं. मी हललो, पण ठिपका धक्क्यावरच राहिला. पेंटरने दोनदा अर्ज दिला. साहेब म्हणाले, बघू. गावातल्या लोकांना काय, त्यांना नकाशा लागतो कशाला?

पाहुणे मात्र माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत. "दीपगृह ना? सरळ, मग डावीकडची तिसरी गल्ली," असं म्हणत निघत आणि थेट जाळीवाल्या मावशींच्या अंगणात जाऊन थडकत. गल्ली तिथेच संपते. मावशी कोळ्यांची फाटलेली जाळी दुरुस्त करतात. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, घरात त्या एकट्याच.

हे मी पाहिलेलं नाही हं. मी जागचा हलणार कसा? पण परतीच्या बसची वाट बघताना लोक माझ्यापुढेच गप्पा मारत.

"काय हसल्या हो त्या मावशी आपल्याला बघून!"

"पाणी दिलं, पोरीला मांडीवर घेऊन गाठ मारायला शिकवली."

"दीपगृह राहिलंच की."

"राहू दे हो, दीपगृह काय सगळीकडे असतं."

असं बारा वर्षं ऐकत आलो. मी आपला समजत होतो, गावात बघण्यासारखं जे जे आहे त्यात मावशीही आल्याच.

मग एका दुपारी एक आजोबा, मी दाखवलेल्या वाटेने रणरणत्या उन्हात फिरत राहिले आणि चक्कर येऊन पडले. कुणीतरी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सोबतच्या आजी माझ्यासमोर उभ्या राहून जे बोलल्या, ते मी कुणाला सांगणार नाही. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा कुठे पालिकेला जाग आली. पेंटर स्टूल आणि डबे घेऊन हजर झाला. केस पांढरे झाले होते, हात मात्र तसाच स्थिर. तो ब्रश बुडवतो न बुडवतो, तोच मावशी धापा टाकत आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

"पेंटर, थांब. तो ठिपका राहू दे."

"ताई, अहो, म्हातारा माणूस मरता मरता वाचला."

"माहीत आहे मला. पण दिवसाला चार माणसं माझ्या दारात येतात ती याच्यामुळे. ती आली नाहीत तर माझ्याशी बोलणार कोण? जाळी?"

पेंटरचा ब्रश हवेतच राहिला. "बारा वर्षं लोक मला टोमणे मारतात, डावा हात कुठला रे पेंटर? ते जाऊ दे, ऐकायची सवय झालीय. पण उद्या दुसरं कुणी पडलं तर?"

ठिपका पुसून नवा काढेपर्यंत मावशी तिथेच उभ्या राहिल्या, मग पदराने तोंड पुसून निघून गेल्या.

त्या दिवसापासून पाहुणे सरळ दीपगृहाला जाऊ लागले. परतीच्या गप्पांत दीपगृहाच्या पायऱ्या किती, खडकाचा फवारा केवढा, हेच ऐकू येई. मावशींचं नाव महिनाभर कुणाच्या तोंडी आलं नाही. मी बारा वर्षांत पहिल्यांदा खरं सांगत होतो आणि माझा जीव तुटत होता.

पेंटरलाही चैन पडत नसावं. एका सकाळी तो हातगाडीवर लाकडी बाकडं घालून आला आणि माझ्या सावलीत मांडलं. मागून मावशी तणतणत आल्या.

"मी काय इथे येऊन लोकांची तोंडं बघत बसू?"

"जाळं घेऊन बसा. हात चालू, तोंडही चालू. जमतं तुम्हाला."

"फार शहाणा झालास!" मावशी म्हणाल्या, पण बसल्या. त्याला आता तीन वर्षं झाली.

माझं म्हणाल तर पायांना गंज चढलाय, समुद्राचा रंग उडून पांढरा पडलाय. बस येते, लोक माझ्याकडे वळतात, आणि ते दोन पावलं येतात न येतात तोच खालून आवाज येतो, "कुठे जायचंय, बाळांनो?" झालं, सगळे माझ्याकडे पाठ करून उभे. सुरुवातीला राग यायचा. एवढा नटूनथटून उभा, आणि वाचायला कुणी नाही! आता नाही येत.

तेव्हा एवढंच मागणं आहे. कधी आमच्या गावी आलात, तर माझ्याकडे बघू नका. मी आता अगदी बरोबर आहे, तरीही. बाकड्यावरच्या मावशींना विचारा. रस्ता माहीत असला तरी विचारा.